सिंधूने काय करायला हवे होते?

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आले, तेव्हा ते पाहायला गडकरी हयात नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांचे निधन झाले होते. गंधर्व नाटक मंडळीने नाटक उभे केले, बालगंधर्वांनी सिंधू रंगविली, आणि तेव्हापासून दारुड्याची बायको म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर जात्यावर बसलेली, विटक्या लुगड्यातली आणि तरीही नवऱ्याविषयी वावगा शब्द न काढणारी सिंधूच उभी राहते. आपल्या आज्या-पणज्या तिच्यासाठी पदराने डोळे पुसत नाटकाहून घरी आल्या.

सिंधूने काय काय केले ते आठवून पाहा. सुधाकर पेशाने वकील. कोर्टात अपमान झाला, सनद काही काळापुरती गेली, आणि ते दुःख विसरावे म्हणून तळीरामाने पुढे केलेला पहिला प्याला त्याने ओठाला लावला. पुढे घर जसे बसत गेले तशी सिंधू वाकत गेली. तिने लोकांची दळणे दळली. माहेरचा आधार नाकारला. मध्यंतरी सुधाकराने दारू सोडण्याचा निश्चय केला आणि तो मोडलाही, पण तिने तोंडातून ब्र काढला नाही. अखेरीस त्याच्याच काठीच्या घावाने लेकरू गेले, ती स्वतः मरणाच्या दारी पोचली, तरी फौजदाराला जबानी देताना तिने नवऱ्यालाच पाठीशी घातले.

या सोसण्याचे आपण पुष्कळ कौतुक केले. परंतु ज्या घरात आज एखादा सुधाकर आहे, त्या घरातल्या बाईला हे कौतुक काय कामाचे? तिचा प्रश्न साधा असतो: मी आता करू तरी काय? पोटच्या मुलाचे व्यसन लपविणारा बाप, भावाला पैसे पुरविणारी बहीण, नवऱ्याच्या कचेरीत 'त्यांना ताप आहे' असे कळविणारी पत्नी, या सर्वांचा प्रश्न तोच आहे. या प्रश्नाला शंभर वर्षांत निरनिराळी उत्तरे मिळत गेली. काही उत्तरे अनुभवाने दिली, काही शास्त्राने, आणि काही जुनी उत्तरे खोटीही ठरली. त्या उत्तरांचा हा इतिहास आहे.

शपथ, माळ आणि पुडी

सिंधूच्या काळी घरच्यांच्या हाती काय होते? विलायतेत १८९८ च्या एका कायद्याने गुन्ह्यात सापडलेल्या अट्टल मद्यप्यांना खास सुधारगृहात ठेवण्याची सोय झाली होती. अमेरिकेतही मद्यप्यांसाठी आश्रम निघाले होते. पण तेथे माणूस नेऊन पोचविण्यापलीकडे बायकामुलांना काही काम नव्हते. आपल्याकडे तर तेही नव्हते. आपल्याकडे होती शपथ. आईच्या गळ्याची, देवाच्या पायरीची, नाही तर मुलाच्या मस्तकावर हात ठेवून घेतलेली. आणि होती माळ. पंढरीची तुळशीची माळ गळ्यात पडली, की मद्य आणि मांस सुटले, असा वारकऱ्यांचा दंडक.

माळेला हसण्याचे काहीच कारण नाही. तिच्यामुळे कित्येक घरे सावरली, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. माळ एकटी येत नसे. तिच्यामागून एकादशी येई, रात्रीचे भजन येई, आषाढीची दिंडी येई, नवे सोबती मिळत. गुत्त्यात जाणाऱ्या संध्याकाळी दुसरीकडे जाऊ लागत. पुढे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी जी गोष्ट प्रयोग करून सिद्ध केली, तिचा गाभा या दिंडीत होता, हे पुढे दिसेलच.

मात्र नुसत्या शपथेला एक मोठी मर्यादा होती. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचे शरीरच दारूला सरावलेले असते. अशा माणसाने एकाएकी दारू तोडली, तर हात थरथरतात, झोप उडते, कोणाला झटके येतात, कोणाला नाही नाही ते भास होतात, आणि वैद्यकीय मदत न मिळाल्यास प्राणही जाऊ शकतो. तेव्हा 'आजपासून एक थेंबही घेणार नाही' असा हट्ट घरच्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून धरणे धोक्याचे असते. शपथ मोडणारा माणूस दर वेळी मनाने दुबळा असतो असे नाही. पुष्कळदा तो आजारी असतो, आणि शपथ हे आजाराचे औषध नव्हे.

पुढे औषधही आले. १९४८ साली कोपनहेगन येथील येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन या संशोधकांनी डायसल्फिराम या द्रव्याविषयी लिहिले. जंतांवर ते चालते का, हे पाहण्यासाठी त्यांनी ते स्वतःच घेऊन बघितले होते, आणि त्यानंतर थोडे मद्य घेताच जीव कासावीस झाला, तेव्हा त्याचा हा वेगळा गुण त्यांच्या ध्यानात आला. बातमी जगभर पसरली, आणि तिच्याबरोबर एक अनर्थही पसरला. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा पुड्यांच्या जाहिराती आजही एस. टी. स्टँडवरच्या भिंतींवर दिसतात. भाजीत, चहात काहीतरी कालवून नवऱ्याला सुधारू पाहणारी बाई दुष्ट नसते, ती हतबल असते. पण हे औषध नकळत पोटात गेले आणि वर दारू पडली, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. शिवाय ज्या दिवशी ही चोरी उघडकीस येते, त्या दिवशी घरातला उरलासुरला विश्वासही जातो.

ॲक्रनमधील दोन बायका

आता १९३५ सालच्या अमेरिकेत जाऊ. ओहायो राज्यातील ॲक्रन हे रबराच्या कारखान्यांचे गाव. तेथे डॉ. बॉब स्मिथ नावाचे एक शल्यविशारद होते. शस्त्रक्रियेपूर्वी शुद्धीवर राहायचे आणि नंतर प्यायचे, अशा कसरतीत त्यांचे आयुष्य चालले होते. त्याच गावी न्यूयॉर्कहून बिल विल्सन नावाचा एक गृहस्थ कामासाठी आला. हा स्वतः पक्का मद्यपी. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. धंद्याचे काम फिसकटले, हॉटेलातील मद्यगृहातून हसण्याचा आवाज येऊ लागला, आणि आपला तोल जाणार अशी त्याला धास्ती वाटली. दुसऱ्या एखाद्या मद्यप्याशी बोलले तर आपण वाचू, या विचाराने त्याने टेलिफोनवरून चौकशी सुरू केली. ती चौकशी फिरत फिरत हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंपर्यंत पोचली, आणि त्यांनी डॉक्टरांच्या पत्नीला, ॲन स्मिथ यांना, फोन लावला.

त्या दिवशी डॉक्टर कोणत्या अवस्थेत होते? दुसऱ्या दिवशी मातृदिन. म्हणून ते बायकोसाठी फुलझाडाची कुंडी घेऊन घरी आले होते. कुंडी टेबलावर होती आणि डॉक्टर टेबलाखाली. ॲनबाईंनी ते लपविले नाही, आणि त्यावरून आकांतही केला नाही. आज येणे शक्य नाही एवढे सांगून त्यांनी दुसऱ्या दिवसाची भेट ठरविली आणि नवऱ्याला घेऊन त्या स्वतः गेल्या. पंधरा मिनिटांवर थांबणार नाही अशी अट डॉक्टरांनी घातली होती. प्रत्यक्षात दोघे मद्यपी सहा तासांच्या वर बोलत बसले. पुढे ॲनबाईंनी बिलला आपल्याच घरी राहायला बोलाविले. मध्ये डॉक्टर एकदा घसरले, पण १० जून १९३५ नंतर त्यांनी मद्याला स्पर्श केला नाही, आणि 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही जगभर पसरलेली संघटना तो दिवस आपला जन्मदिवस मानते.

या कथेत नायक म्हणून दोन पुरुषांची नावे घेतली जातात. ते योग्यच आहे. पण ती भेट घडली दोन बायकांच्या टेलिफोनमुळे, हेही विसरू नये. ॲनबाईंनी त्या दिवशी केले ते थोडके, पण नेमके होते. योग्य माणूस शोधला गेला होता, वेळ ठरली होती, आणि नवऱ्याला पेलेल एवढीच लहान गोष्ट त्याच्यापुढे ठेवली होती: पंधरा मिनिटे.

दुसरी कथा बिलच्या पत्नीची, लोईस विल्सन यांची. १९१८ साली लग्न झाल्यापासून सतरा वर्षे या बाईने नवऱ्याची दारू निस्तरली. मोठ्या दुकानात नोकरी करून घर चालविले. बिलची दारू सुटल्यावर खरे तर त्यांनी सुखी व्हायला हवे होते. पण एके दिवशी सभेला निघण्याची घाई करणाऱ्या नवऱ्याच्या अंगावर त्यांनी रागाने बूट फेकला. पुढे त्यांनीच हे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. एवढी वर्षे नवऱ्याला सांभाळणे हेच त्यांचे आयुष्य होऊन बसले होते, आणि आता ते काम परक्या माणसांनी एका झटक्यात केले होते. आपणही या आजारात गुरफटलो आहोत, हे त्यांना त्या बुटाने शिकविले. पुरुषांच्या सभा चालत तेव्हा शेजारच्या स्वयंपाकघरात कॉफी करीत बसणाऱ्या बायका एकमेकींशी बोलू लागल्या, आणि त्यातून १९५१ साली 'अल-ॲनॉन' ही कुटुंबीयांची वेगळी संघटना उभी राहिली.

या संघटनेने घरच्यांना मोठाच दिलासा दिला. तुमच्यामुळे त्याला व्यसन लागले नाही, आणि तुमच्या आटापिट्याने ते आटोक्यात येणारही नाही. तेव्हा तो अपराध डोक्यावरून उतरवा आणि आपले आयुष्य सावरा, असे तिचे सांगणे होते. लक्षावधी बायांनी ते ऐकून प्रथमच मोकळा श्वास घेतला असेल. परंतु व्यसनी माणसाला उपचाराला न्यायचे कसे, हे सांगणे हा तिचा हेतूच नव्हता. त्या काळी सर्वांची समजूत अशी होती, की दारुडा पार रसातळाला गेल्यावाचून त्याचे डोळे उघडत नाहीत. घरच्यांनी तोवर वाट पाहावी. पण वाट पाहता पाहता कोणाचे यकृत जाई, कोणाची नोकरी, कोणाचा संसार.

एक एप्रिलचा शनिवार

या समजुतीला पहिला जोरदार धक्का दिला तो मिनियापोलिस शहरातील व्हर्नन जॉन्सन या धर्मोपदेशकाने. हे स्वतः मद्यपाशातून सुटलेले. दारू सोडलेल्या सुमारे दोनशे माणसांची त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौकशी केली, तेव्हा असे दिसले, की आपोआप साक्षात्कार होऊन कोणीच थांबला नव्हता. प्रत्येकावर एकामागून एक संकटे कोसळली होती आणि त्यांच्या ओझ्याखाली तो वाकला होता. जॉन्सन यांनी विचार केला, की संकटे येणारच असतील, तर माणूस उद्ध्वस्त होईपर्यंत थांबायचे कशाला? त्याच्या जवळच्या माणसांनी एकत्र बसून, आधी तयारी करून, प्रेमाने पण स्पष्टपणे त्याच्यापुढे वस्तुस्थिती ठेवावी. १९७३ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि ही पद्धत अमेरिकेत रूढ झाली.

पाचच वर्षांनी ती एका अतिप्रसिद्ध घरात वापरली गेली. बेटी फोर्ड म्हणजे १९७४ ते १९७७ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या जेराल्ड फोर्ड यांच्या पत्नी. १९६४ साली मानेतील नस दबल्यापासून त्यांना वेदनाशामक गोळ्या लागल्या. त्यात मद्याची भर पडली. अध्यक्षपद गेल्यावर मंडळी कॅलिफोर्नियात राहायला आली आणि रिकाम्या घरात बाईंची प्रकृती ढासळत गेली. ते प्रथम बोलून दाखविण्याचे धैर्य केले धाकट्या लेकीने, सुझनने. एका डॉक्टरला बरोबर घेऊन ती आईशी बोलायला गेली. आईने संतापून सर्वांना घराबाहेर काढले.

येथेच पुष्कळ घरांतील गोष्ट संपते. एकदा बोललो, अपमान झाला, पुन्हा नाव काढायचे नाही. फोर्ड कुटुंबाने तसे केले नाही. वडील दौऱ्यावरून परतले, तीन मुलगे आले, नौदलाच्या इस्पितळातील डॉ. जोसेफ पर्श आणि एक परिचारिका यांना बोलाविले, आणि १ एप्रिल १९७८ रोजी, शनिवारी, सारे आईसमोर बसले. कोणी व्याख्यान दिले नाही. एकाने सांगितले, की मित्रांना घरी आणायला आपल्याला धाकधूक वाटे. एकाने सांगितले, की आपण हौसेने जेवण रांधले होते, पण तू पीत बसलीस आणि पानावर आली नाहीस. सुझन म्हणाली, की तुझे नृत्य पाहून मला तुझा अभिमान वाटे, आणि आता तू चालताना अडखळतेस. आई रडली. तिला राग आला, अपमान वाटला. पण सर्वजण प्रेमापोटी बोलत आहेत हे तिला दिसत होते, आणि उपचाराची व्यवस्था तयार होती. आठ तारखेला तिचा साठावा वाढदिवस झाला, आणि त्यानंतर लगेच ती लाँग बीचच्या नौदल इस्पितळात दाखल झाली.

तेथे सुद्धा गोळ्यांचे व्यसन मान्य करायला तिला सोपे गेले. मद्याचे नाव घ्यायला आणखी काही दिवस लागले. पुढे तिने ते सगळ्या देशाला जाहीरपणे सांगितले, आणि १९८२ साली शेजारी लेनर्ड फायरस्टोन यांच्याबरोबर व्यसनमुक्तीचे एक केंद्र उभारले. २०११ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी, ती वारली. त्या शनिवारनंतर तिला तेहेतीस वर्षांचे आयुष्य मिळाले होते.

सोसणे आणि भांडणे यांपलीकडे

ही कथा ऐकून प्रत्येक घराने बैठक भरवावी, असे कोणाला वाटेल. पण थांबा. फोर्डांच्या घरी माणसे होती, पैसा होता, अनुभवी डॉक्टर समोर होते. सामान्य घरांत असे आढळले, की बहुतेक कुटुंबे त्या बैठकीपर्यंत पोचतच नाहीत. नवऱ्याला सर्वांसमोर असे पकडणे बायकोच्या जिवावर येते. तेव्हा दुसरा काही मार्ग आहे काय, याचा शोध काही मानसशास्त्रज्ञ घेत होते.

इलिनॉय राज्याच्या दक्षिणेस ॲना नावाचे गाव आहे. तेथील सरकारी मनोरुग्णालयात जॉर्ज हंट आणि नेथन ॲझरिन यांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांचा विचार साधा होता. माणूस पितो, कारण पिण्यातून त्याला काही मिळते. तेव्हा नोकरी, घर, मित्रमंडळी, करमणूक या सगळ्यांतून न पिण्याचे सुख पिण्याच्या सुखाहून मोठे करून दाखवा. आपल्या दिंडीची आठवण येथे होते. त्यांनी मद्यविरहित मेळाव्यांचा एक क्लबच काढला. पुढे ॲझरिन यांनी डायसल्फिराम हे औषधही वापरले, पण रुग्णाच्या संमतीने, रोज ठरल्या वेळी, घरच्या माणसाच्या देखत. नकळत कालवलेली पुडी आणि बायकोच्या हातून समजून-उमजून घेतलेली गोळी, यांत औषध एकच, पण नाते अगदी निराळे.

ॲझरिन यांच्या परंपरेत रॉबर्ट मेयर्स हे तयार झाले. त्यांचे स्वतःचे वडील मद्यपी होते. न्यू मेक्सिको विद्यापीठात त्यांनी केवळ घरच्यांसाठी एक शिक्षणक्रम रचला; इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'क्राफ्ट' म्हणतात. जो माणूस डॉक्टरांच्या दारी यायला तयार नाही, त्याच्या आईला, बायकोला, बहिणीलाच शिकवायचे, अशी ही कल्पना. १९९९ साली विल्यम मिलर, मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिन्ही मार्गांची तुलना प्रसिद्ध केली. उपचार नाकारणाऱ्या मद्यप्यांचे १३० आप्त त्यांनी तीन गटांत विभागले होते. अल-ॲनॉनच्या वाटेने गेलेल्यांपैकी १३ टक्क्यांचे रुग्ण उपचाराला आले. जॉन्सनच्या बैठकीच्या वाटेने ३० टक्के. आणि क्राफ्टच्या वाटेने ६४ टक्के. सरासरीने पाहता घरच्यांच्या चार ते सहा भेटी झाल्या, तोच रुग्ण दारात उभा राहिला. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिन्ही गटांतील घरच्या माणसांना स्वतःला बरे वाटू लागले होते. म्हणजे रुग्ण येवो न येवो, घरच्यांनी मदत घेणे कधीच फुकट जात नाही.

मग तेथे शिकविले काय? त्यात गुह्य असे काही नाही. मात्र ते अंगवळणी पाडायला सराव लागतो. पहिली गोष्ट, पाहायला शिकणे. तो केव्हा पितो, कोणाबरोबर, कोणत्या वारी, कशानंतर, याची बायकोला सर्वांहून अधिक माहिती असते. ती संतापात वाया जाते, ती उपयोगात आणायची. दुसरी गोष्ट, शुद्धीच्या वेळेला गोडी आणणे. बहुतेक घरांत नवरा पिऊन आला की रात्रभर भांडण, आणि सकाळी शुद्धीवर असला की अबोला. म्हणजे दोन्ही वेळा शिक्षाच. त्याऐवजी तो न पिता घरी आला, तर आवडीचा पदार्थ, दोन शब्द, एक फेरफटका. पिऊन आला, तर वाद न घालता बाजूला होणे. 'तू शुद्धीवर असलास की मला तुझ्याजवळ बसायला आवडते' हे वाक्य हजार टोमण्यांपेक्षा अधिक काम करते.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण, आणि सिंधूपाशी येऊन भिडणारी. ती म्हणजे पाठीशी न घालणे. कचेरीत खोटे कळवायचे नाही, गुत्तेवाल्याची उधारी भागवायची नाही, ओकारी पुसून सकाळी काही घडलेच नाही असे दाखवायचे नाही. त्याच्या करणीचे फळ त्याच्या पदरी पडू द्यायचे. सूड म्हणून नव्हे, त्याला ते दिसावे म्हणून. मात्र घरात मारहाण होत असेल, तर सर्वांआधी आपली आणि मुलांची सुरक्षितता. तेथे हे प्रयोग एकटीने करायचे नाहीत. आणि शेवटची गोष्ट, वेळ साधणे. दारूमुळे काही नुकसान होऊन तो स्वतःच ओशाळला आहे, किंवा 'तू कोणाकडे जातेस ग?' असे कुतूहलाने विचारतो आहे, अशी घटका येतेच. त्या घटकेला थोडक्यात विचारायचे: 'एकदा येऊन पाहतोस का?' आणि ठिकाण, डॉक्टर, तारीख हे आधी ठरलेले हवे, कारण अशी घटका फार टिकत नाही. ॲनबाईंची पंधरा मिनिटे, ती हीच.

मद्रास आणि पुणे

आपल्या देशात हे ज्ञान पुस्तकांतून येण्यापूर्वी घरच्यांच्या दुःखातून आले. मद्रासच्या एका नामांकित उद्योगपती घराण्यातील टी. टी. रंगनाथन हे तरुणपणीच मद्यापायी गेले. त्यांच्या पत्नी शांती रंगनाथन यांनी १९८० साली त्यांच्याच नावाने उपचार-संस्था काढली. तेथे रुग्णाबरोबर कुटुंबीयांसाठीही वेगळा शिक्षणक्रम ठेवला गेला. विधवा झालेल्या एका बाईने दुसरीचे कुंकू राखण्यासाठी हे केले, असे जुन्या भाषेत म्हणता येईल.

पुण्याची कथा मराठी वाचकांना परिचित आहे. १९८० च्या सुमारास ब्राऊन शुगर ऊर्फ गर्द शहरांत शिरले आणि चांगल्या घरांतील पोरे त्यात सापडली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई हेलावले, आणि त्यांनी देणगी देऊ केली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. व्यसनातून सुटलेलीच माणसे तेथे पुढे समुपदेशक झाली. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट निघाला. अनिताबाई १९९७ साली गेल्या, अवचट २०२२ साली. काम त्यांच्या कन्या पुढे नेत आहेत. 'सहचरी' हा शब्द मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. तीत सोसणारी सती नाही आणि खबरदारी करणारी शिपाईणही नाही. बरोबर चालणारी बाई आहे.

तथापि काम किती उरले आहे पाहा. केंद्र सरकारसाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेली सुमारे २ कोटी ९० लाख माणसे तीत आढळली, आणि अशा ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळाला होता. उरलेले सदतीस जण कोठे असतात? आपल्याच घरांत. त्यांना डॉक्टर दिसत नाही. दिसते ती आई, बायको, मुलगी. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामधला पूल घरातूनच जातो.

तेव्हा आरंभ कोणी करायचा, या प्रश्नाचे उत्तर एवढ्या इतिहासाने दिले आहे. 'त्याची इच्छा होईल तेव्हा पाहू' हे उत्तर खरे नाही; इच्छा जागी करता येते. त्याच्यावाचून घरचे माणूस एकटे जाऊन सल्ला घेऊ शकते, आणि घ्यावा. सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा विनामूल्य दूरध्वनी कुटुंबीयांसाठीही आहे. हातपाय बांधून कोठेतरी नेऊन टाकण्याची भाषा करणाऱ्या जागांपासून दूर राहावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची संमती आणि त्याची प्रतिष्ठा यांना स्थान दिले आहे. आणि तो एकदा जाऊन पुन्हा घसरला, तर सारे फुकट गेले असे मानू नये. डॉ. बॉबही घसरले होते.

दिवाळीत घरोघर माणसे गोळा होतात. कोणी एक आला नाही, किंवा आला आणि लवकर उठून गेला, हे सगळ्यांना दिसते आणि कोणी बोलत नाही. सणाच्या दिवशी चारचौघांत बोलूही नये. ती वेळ नव्हे. पण भाऊबीज आटोपल्यावर, ज्यांना त्याची माया आहे त्या दोघा-तिघांनी एकत्र बसून एवढे ठरवायला हरकत नाही, की यापुढे लपवायचे कोणी नाही, टाकून बोलायचे कोणी नाही, आणि चौकशीला अमुक दिवशी अमुक जण जाणार.

सिंधूला हे कोणी सांगितले नव्हते. सांगणारे माणूस त्या वेळी नव्हतेच. तिने आपल्या काळात जे थोर मानले जाई ते केले. तिला बोल लावण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण फौजदारापुढे तिने सांगितलेले ते शेवटचे खोटे कोणत्याही बाईला पुन्हा सांगावे लागू नये, एवढी सोय मधल्या शंभर वर्षांत झाली आहे. ती सोय घरातल्या माणसांपर्यंत पोचविणे हे आता आपले काम आहे.